पटावरची दहा नावं

आपल्याला आपल्याच घरातून काढून टाकलंय, हे मला एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कळलं. सांगितलं मोबाईलनं. क्रांतीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, सांगलीहून नवा मोबाईल पाठवला होता. खोकं उघडलं, चार्जिंग केलं, वाय-फायची यादी काढली. आमच्या वाय-फायचं नाव 'बाई'. रेघा सगळ्या भरलेल्या. 'बाई'वर बोट ठेवलं, पासवर्ड घातला. गोल फिरलं, थांबलं आणि खाली अक्षरं आली, जोडता येत नाही.

परत बोट ठेवलं. जोडता येत नाही. त्या संध्याकाळी मी चाळीसेक वेळा बोट ठेवलं असेल. बाई म्हणजे माझी बायको विजयमाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका. तिला जाऊन नऊ महिने झाले होते. त्यामुळे जोडता येत नाही ही बातमी मला नवीन नव्हती. पण मोबाईलनं ती चाळीस वेळा सांगायची काही गरज नव्हती.

जुना मोबाईल फोडणीत पडला होता. विजयमालानं क्रांतीसाठी केलेला कैरीच्या लोणच्याचा व्हिडिओ लावून मी तिच्या सांगण्याप्रमाणे करत होतो. मोबाईल दिसावा म्हणून बरणीला टेकवून ठेवला होता. "आता बरणी नीट हलवायची," असं ती म्हणाली. मी हलवली. शेजारी फोडणीचं तेल थंड करायला ठेवलं होतं, मोबाईल सरळ त्यात गेला. ती आतून अजून बोलत होती, मीठ बेतानं घाला म्हणून. मग बंद पडली.

शेजारचे सुभेदार लालासाहेब फौजेत पंचवीस वर्षं काढून आलेले. ते म्हणाले, भिजलेला फोन तांदळात पुरायचा. मी म्हटलं, हा भिजलेला नाही, तळलेला आहे. ते म्हणाले, तांदळाला फरक कळत नाही. दोन दिवस पुरला. मोबाईल काही उठला नाही, पण तांदळाला हिंगाचा वास लागला. तो भात मी चार दिवस खाल्ला. वाईट नव्हता.

नवा मोबाईल आला आणि चालेना. आता कोणी म्हणेल, वाय-फाय नसलं तर मोबाईलचं स्वतःचं नेट असतंच की. असतं. पण मलकापुरात आमचं घर तळमजल्यावर, दोन्ही अंगाला चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिलेल्या. घरात रेंज येत नाही. रेंज पाहिजे असेल तर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीवर डावा हात ठेवून उभं राहावं लागतं. उजवा ठेवला तर जाते.

मी टाकीवर हात ठेवून क्रांतीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. शिक्षिकेची मुलगी आहे, आधी ऐकते. मग म्हणाली, "बाबा, एक वाय-फाय तुम्हाला लावता येत नाही. उद्या रात्री-अपरात्री काही झालं तर तुम्ही टाकीला हात लावायला जिने चढणार का? रविवारी सकाळी दहाला मला व्हिडिओवर दिसा. नाही दिसलात तर जयराज गाडी काढतील आणि तुमची गादी घेऊनच आम्ही परत येऊ."

जयराज म्हणजे आमचे जावई. कुपवाडला त्यांचा लेथचा कारखाना आहे. माणूस देवासारखा आहे. पण जावयाच्या घरी आपली गादी घेऊन जायची आणि त्यानं सकाळी विचारायचं, बाबा झोप लागली का? मला हे घर सोडायचं नव्हतं. घरात दुसरं कोणी नसलं तरी कोणती खिट्टी कशी लावायची हे मला माहीत होतं. शिवाय मी वीज खात्यात तेहतीस वर्षं वायरमन होतो. अंधारात गेलेली गावं मी उजेडात आणलेली आहेत. त्या माणसाला एक बिनवायरीचं काम जमत नाही म्हणून घरातून उचलायचं, हे मला खांबावरून पडल्यापेक्षा जास्त लागलं. खांबावरून मी दोनदा पडलोय, म्हणून सांगतो.

बुधवारी कंपनीच्या नंबरावर फोन केला. एक मुलगी हिंदीत फार गोड बोलली. तिनं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते बघितलं आणि म्हणाली, विजयमाला मॅडमना फोन द्या. मी म्हटलं, त्या नाहीत. तिनं विचारलं, कधी येतील? मी म्हटलं, येणार नाहीत. ती म्हणाली, मग आम्ही उद्या याच वेळी करू का? मला इतक्या गोड मुलीला नाही म्हणवेना. तेव्हापासून रोज सकाळी अकराला फोन येतो. घरात रेंज नाही, म्हणून मी पावणेअकराला गच्चीवर जाऊन थांबतो आणि अजून आल्या नाहीत असं सांगून खाली येतो.

तिसऱ्या दिवशी तिच्या साहेबानं खरं काढून घेतलं. मग त्यानं सांगितलं की कनेक्शन माझ्या नावावर करायचं तर आधी मॅडमचं नाव कमी करावं लागेल. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र, फोटो, सगळं घेऊन साताऱ्याच्या ऑफिसात या. अकराचे फोन मात्र थांबले नाहीत. ते दुसरं खातं बघतं म्हणे.

नाव कमी करणे. नऊ महिन्यांत हे दोन शब्द मी इतक्यांदा लिहिले की माझं अक्षर सुधारलं. रेशनकार्डावरून कमी केलं. तिथल्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता विचारायचा, "कमी का वाढ?" बाळ झालं की वाढ, माणूस गेलं की कमी. मतदार यादीतून कमी केलं. गॅसवरून केलं, बँकेतून केलं. प्रत्येक ठिकाणी सही केली आणि प्रत्येक ठिकाणी लोक म्हणाले, चला, एक काम मार्गी लागलं.

पण ही कंपनीची फोनाफोनी चालू असताना मी स्वस्थ बसलो नव्हतो. गुरुवारीच अश्फाकला बोलावलं होतं. अश्फाक हा आमच्या भागातल्या इंटरनेटच्या लाइनचं काम करतो, चाळिशीचा गडी. समोरच्या अख्तरबींचा भाचा. अख्तरबी ब्लाऊज शिवतात आणि विजयमालाची त्यांच्याशी गाढ मैत्री. अश्फाक आला तो शिडी घेऊन. मी आधी त्याच्या शिडीकडे बघितलं. तिला खालून रबर नव्हतं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, काका, काचेच्या वायरीत करंट नसतो. मी म्हटलं, शिडी घसरायला करंट लागत नाही. एवढं झाल्यावर आमचं जमलं.

त्यानं राउटर बघितला. राउटरवर विजयमालाच्या अक्षरात कागद चिकटवला होता, 'हात धुऊन हात लावा'. अश्फाक मोरीवर जाऊन हात धुऊन आला. तो चौथीपर्यंत तिच्याच वर्गात होता.

पासवर्ड विचारला. मी म्हटलं, गप्प बसा. तो गप्प बसला. मी म्हटलं, अरे, पासवर्डच तो आहे. लॉकडाऊनमध्ये तिनं शाळा घरून चालवण्यासाठी हे कनेक्शन घेतलं, तेव्हा गल्लीतला जो येईल तो पासवर्ड विचारायचा. ती म्हणायची, "गप्प बसा." लोकांना वाटायचं बाई रागावल्या. सहा महिने कोणाला पत्ता लागला नाही. मग एक दिवस गल्लीच्या टोकाच्या अंजनाकाकूंनी रागाच्या भरात तेच दोन शब्द टाइप करून बघितले आणि अख्खी गल्ली आत आली.

"म्हणून मग बाईंनी पट केला असणार," अश्फाक म्हणाला.

विजयमालाचा शाळेचा लॅपटॉप कपाटातून काढला. त्यात राउटरचं पान एका बटणावर आपोआप उघडायचं. बटणाला तिनं नाव दिलं होतं 'हजेरी'. अश्फाकनं मला समजावलं. हरेक मोबाईलला एक नंबर असतो, माणसाला आधार असतो तसा. बाईंनी राउटरला सांगून ठेवलंय की ज्याचं नाव पटावर त्यालाच वर्गात घ्यायचं, बाकीच्यांना पासवर्ड येत असला तरी दाराबाहेर. माझा नवा मोबाईल पटावर नव्हता. आणि या राउटरच्या पटावर जास्तीत जास्त दहा नावं बसतात. दहाच्या दहा जागा भरलेल्या.

"एक कुनाचं तरी कमी करावं लागंल, काका."

मी म्हटलं, पुन्हा तेच का.

ऐकायला लालासाहेब आणि अख्तरबी आलेच होते. अश्फाकनं नावं वाचायला घेतली. सगळी इंग्रजी अक्षरांत. पहिल्या दोन नावांवर तो अडला, म्हणून पुढची वाचली. तिसरं क्रांती. चौथं जावई. पाचवा आमचा टीव्ही, सहावं शाळा, म्हणजे हाच लॅपटॉप. सातवं अख्तर, आठवं सुभेदार, नववं सुभेदार टीव्ही, दहावं अंजना.

शाळेचं काढलं तर हजेरीच उघडणार नाही, आणि टीव्हीचं काढलं तर माझी संध्याकाळ जायची नाही. क्रांतीचं काढावं असं मी म्हटलं, वर्षातून चारदा तर येते. अख्तरबी म्हणाल्या, माहेरच्या पटावरनं लेकीचं नाव काढत्यात व्हय? जावयाचं काढायचं तर त्यांच्या मानाचा प्रश्न. अंजनाकाकू वाईला भावाकडे गेल्या होत्या, आणि त्यांच्या माघारी त्यांचं नाव काढलं तर आल्यावर काय होईल हे गल्लीला माहीत होतं. मग सगळ्यांनी सुभेदारांकडे बघितलं. दोन जागा त्यांच्याच होत्या. लालासाहेबांनी सांगितलं की फौजेत पोस्ट सोडणाऱ्याला काय म्हणतात ते त्यांना आमच्यासमोर उच्चारायचं नाही.

शेवटी अख्तरबीच म्हणाल्या, माझं काढा. बाईच न्हाईत तर मी तरी कशाला बसू वर्गात. अश्फाकनं त्यांचं काढलं, नव्या मोबाईलच्या खोक्यावरचा नंबर बघून घातला आणि मला म्हणाला, आता ठेवा बोट. ठेवलं. जोडता येत नाही. अश्फाक म्हणाला, राउटरला जरा वेळ द्या, आणि शिडी घेऊन निघून गेला. असं म्हणून निघून जायची पद्धत आमच्या खात्यातही होती, म्हणून मी त्याला अडवलं नाही.

मी त्याला शनिवारपर्यंत वेळ दिला. राउटरला काही फरक पडला नाही. फरक पडला तो अख्तरबींना. त्या व्हिडिओ बघून गळे कापतात, म्हणजे ब्लाऊजचे. शुक्रवारी एका नवऱ्या मुलीचा ब्लाऊज त्यांनी व्हिडिओ अर्धा बघून ठेवलेला होता, त्याच्या आठवणीवर कापला. पुढचा गळा मागं गेला. मुलीची आई आमच्या दारात येऊन मला बोलून गेली. लग्न लोणंदला, ब्लाऊज कापला मलकापुरात आणि बोलणी खाल्ली मी. मी शनिवारी अश्फाकला सांगितलं, आधी अख्तरबींचं नाव परत घाल.

त्यानं घातलं. मग माझा फोन हातात घेऊन त्यानं बरंच काही खाली-वर केलं आणि त्याला चोर सापडला. नवे फोन वाय-फायला आपला खरा नंबर सांगतच नाहीत. खोक्यावर एक आणि हजेरीला दुसरा. म्हणजे मी घरात शिरण्यासाठी दोन दिवस एका भलत्याच नावानं हात वर करत होतो. ते बंद करता आलं. पण आता पट पुन्हा भरलेला, आणि रविवार उद्यावर आलेला.

"आता दोनच मार्ग हायत," अश्फाक म्हणाला. "ह्या बारक्या भोकात टाचणी घालून दाबायची. सगळा राउटर कोरा हुतोय. न्हायतर ही पहिली दोन नावं उडवायची, कुनाची कळंनात."

आम्ही ती दोन नावं बघितली. पहिलं होतं MI. दुसरं होतं HE.

लालासाहेबांनी लगेच निकाल दिला. एमआय ही मोबाईलची कंपनी. घरात त्या कंपनीचा मोबाईल आहे का? आम्ही शोधला. कपाट, माळा, पिठाचा डबा, सगळं बघितलं. डब्यात कंपनीचं काही निघालं नाही, पण माझा हरवलेला चष्मा निघाला. मोबाईल नाही म्हणजे नाव फुकट, उडवा. दुसऱ्या नावाबद्दल अश्फाक म्हणाला, हे इंग्रजीतलं 'ही' आहे. 'ही' म्हणजे तो. कोण तो? लालासाहेब म्हणाले, अरे, बाईंनी मराठीत लिहिलंय. 'ही' म्हणजे ती. ती म्हणजे स्वतः वहिनी. हा वहिनींचा फोन. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "नाथाजी, गड्या, वाईट वाटून घिऊ नगस. त्यो फोन आता कवा लागनार हाय? हे कमी कर आन् तू बस त्या जागेवर."

विजयमालाचा फोन कपाटातच होता, बंद करून ठेवलेला. म्हटलं, एवढ्या ठिकाणी कमी केलंच आहे. मी मान हलवली. अश्फाकनं दुसऱ्या नावाच्या शेजारच्या चौकटीत खूण केली. लाल बटण आलं.

अख्तरबी डोळ्यांवर चष्मा चढवत पुढं आल्या. "थांब रं अश्फाक. काय लिवलंय, बघू." त्यांनी एकेक अक्षर बोटानं वाचलं, आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. हसू थांबेना.

"ह्ये तिचं न्हाई. ह्ये 'हे' हाय. हे, भाऊ. तुमी. 'आमचे हे.' बाईंनी जल्मात कवा तुमचं नाव घेतलंय का?"

खरं होतं. पस्तीस वर्षांत उखाण्यात सोडलं तर तिनं माझं नाव घेतलं नाही. शाळेच्या फॉर्मवर पतीचं नाव लिहायची वेळ आली की कागद माझ्यापुढं सरकवायची. गल्लीत सगळ्यांना आठवतं, मी खांबावर असलो की ती खालून 'अहो' म्हणायची आणि गल्लीतली सगळी लग्न झालेली माणसं वर बघायची. अश्फाकनं आतली माहिती काढून बघितली. HE हा नंबर माझ्या फोडणीत गेलेल्या मोबाईलचा होता.

"मग पयलं?" लालासाहेब म्हणाले. "एमआय?"

मीच वाचलं. दोन अक्षरांना किती वेळ लागतो.

"मी," मी म्हटलं.

पहिली मी, मग हे. लग्नपत्रिकेत पहिलं नाव माझं होतं. पट तिचा, म्हणून तिनं क्रम बदलला. तेवढं ती करणारच.

अश्फाकनं लाल बटणावरनं हात काढला होता. लालासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, तरीपण दोघांतलं एक तर काढावंच लागंल. हे पडलं तुझंच, तुझं तू काढ. ते बरोबरच बोलत होते. माझं जुनं नाव काढून त्याच जागी माझं नवं घालायचं, यात कोणाचं काही जात नव्हतं. पण मग तिथं अश्फाकनं काय लिहिलं असतं? 'हे' लिहायचा हक्क तिचा एकटीचा, त्यानं नाथाजी लिहिलं असतं. आणि 'मी'च्या खाली नाथाजी असं मला बघवलं नसतं. ते कोणा परक्या माणसाचं नाव वाटलं असतं.

"नाही काढायचं," मी म्हटलं. "एकही नाही. जातो मी सांगलीला."

अश्फाकनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "चौथीत असताना अब्बा कुपवाडला कामाला गेलं, आमास्नी घिऊन," तो म्हणाला. "हेडमास्तर म्हनलं, नाव कमी करा. बाईंनी चार महिनं केलं न्हाई. मग एष्टीनं कुपवाडला आल्या आन् मला हिकडं मावशीकडं आनून सोडलं. म्हनाल्या, पटावर हायस, चल."

मग त्यानं नाक पुसलं, मोरीवर जाऊन पुन्हा हात धुतले आणि पानाच्या अगदी वरचं एक बटण बंद केलं. म्हणाला, नावं सगळी जागच्या जागी राहतील. फक्त राउटरला सांगितलं, आता हजेरी घेऊ नको. पासवर्ड येतो त्याला येऊ दे.

मी 'बाई'वर बोट ठेवलं. जोडले.

लालासाहेबांनी एवढंच विचारलं की पासवर्ड तर अख्ख्या गल्लीला येतो, मग आता काय होणार? ते आम्हाला रविवारी सकाळी कळलं. नऊ वाजता माझ्या पायऱ्यांवर दोन माणसं होती, साडेनऊला सात. कोणी आयपीएल कालची बघत होतं, कोणी लेकीशी बोलत होतं. अंजनाकाकू वाईहून पहाटेच आल्या होत्या आणि बसायला स्वतःचा पाट घेऊन आल्या. बरोबर दहाला मी क्रांतीला व्हिडिओ लावला. तिचा चेहरा दिसला. माझाही तिला दिसला असणार, कारण मी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी सगळं जागच्या जागी थांबलं. गल्लीनं सगळं नेट ओढून घेतलं होतं. तिकडे सांगलीत क्रांतीच्या मोबाईलवर तिचा बाप तोंड उघडं टाकून, डोळे फिरवून, पाच मिनिटं हलला नाही.

साडेबाराला गाडी दारात होती. क्रांती रडतच उतरली आणि तिला आत यायला वाट मिळेना. पायऱ्यांवर तेरा माणसं. अंजनाकाकूंनी पाट सरकवला आणि म्हणाल्या, सावकाश ये, ताई, तुझा बाप आत लोणचं वाटतोय. वाटतच होतो. बसलेल्या माणसांना नुसतं कसं बसवायचं?

क्रांती आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं बाहेरच्या चपला मोजल्या असाव्यात. जयराजनी गादीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली खिशात ठेवली. त्यांनी मला विचारलं, बाबा, झोप लागते का? मी म्हटलं, आता दुपारची मिळेल असं वाटत नाही.

मी तिला लॅपटॉपवर पट दाखवला. तिनं वरून खाली वाचला, आणि वरची दोन नावं पुन्हा वाचली. तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. जाताना बरणी मांडीवर घेऊन गाडीत बसली. गादी घरातच राहिली.

आता गल्लीच्या गर्दीनं नेट इतकं हळू झालंय की माझे व्हिडिओ अर्ध्यात थांबतात. अश्फाक म्हणतो, वीस नावं बसतील असा मोठा राउटर घेऊ, हजेरी पुन्हा चालू करू, सगळी नावं पहिल्यापासून नीट टाकू. मी बघू म्हणतो. साताऱ्याच्या ऑफिसात कागद द्यायला मी अजून गेलो नाही. सकाळी अकराला फोन येतो, त्याला मी अजून आल्या नाहीत असं सांगतो. बाकी सगळीकडचं झालं. पटावरचं एक नाव कमी करायचं राहिलं आहे.